पंचवीस तासांचा रविवार

किरणमयीचा मुलगा आता सव्वा वर्षाचा झाला होता आणि त्याला सांभाळता सांभाळता हिमबिंदूच्या नाकी नऊ येत होते. त्याचे दात, त्याचा ताप, त्याचं भिंतीला धरून उभं राहणं, सगळं तिला लक्षात ठेवावं लागे. हिमबिंदू बावीस वर्षांची होती, तिचं लग्न झालेलं नव्हतं, आणि किरणमयीला तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

हैदराबादेत माधापूरच्या त्या कंपनीत अशी रीतच होती. अमेरिकेतल्या क्लायंटला अनुभवी माणसं हवी असत. मुलाखत अनुभवी माणूस देई, काम मिळालं की तो दुसरीकडे निघून जाई, आणि नुकतंच कॉलेजातून आलेलं कुणीतरी त्याच्या नावाने, कॅमेरा बंद ठेवून, कामाला बसे. खरी किरणमयी नवऱ्यामागे कॅनडाला गेली होती. जाण्यापूर्वी मुलाखतीत ती आपल्या बाळाबद्दल दोन शब्द बोलली होती. ते बाळ हिमबिंदूच्या पदरात पडलं.

क्लायंटकडच्या मार्लीनबाई मोठ्या प्रेमळ. सोमवारच्या कॉलवर कामाआधी त्या न चुकता विचारत, "किरणमयी, बाळ कसं आहे?"

"छान आहे मॅडम. काल भात खाल्ला त्याने."

शेजारच्या टेबलावरचा इम्तियाज तोंडावर हात दाबून हसे. तो स्वतः श्रीकांत होता, आठ वर्षं अनुभव. कॉल संपला की म्हणे, "बाळंतीणबाई, चहा घेणार का? की बाळाला झोपवायचंय?"

"तू तुझी आठ वर्षं सांभाळ. काल सर्व्हरचं नाव विचारलं तर घाम फुटला होता."

"आठ वर्षांत विसरलो असेन."

मार्लीनबाईंच्या संस्थेची डायलिसिसची अकरा केंद्रं होती. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत असे रोगी तिथे आठवड्यातून तीनदा येत, रक्त शुद्ध करून घेत आणि घरी जात. काहींचा वार सोमवार-बुधवार-शुक्रवार, काहींचा मंगळवार-गुरुवार-शनिवार. रविवारी केंद्रं बंद. बरेचसे म्हातारे, गाडी चालवू न शकणारे. त्यांना आणायला संस्थेच्या गाड्या जात, आणि कोणत्या दिवशी कोणाच्या दारात जायचं याची यादी सॉफ्टवेअर करी. यादीचा तो भाग हिमबिंदूने लिहिला होता. रोग्यांची नावं तिला दिसत नसत, फक्त क्रमांक दिसत. ऑक्टोबरमध्ये तो सुरू झाला तेव्हा मार्लीनबाई म्हणाल्या होत्या, "असं नीटनेटकं काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही." त्या दिवशी हिमबिंदूने गावी, जगित्यालला, आईला फोन केला आणि बराच वेळ बोलत राहिली. आई अंगणवाडीत शिकवायची. तिला कळलं एवढंच, की पोरीचं कौतुक झालं.

"मग पक्कं केलं का तुला?"

"नोव्हेंबरच्या आठ तारखेला सहा महिने होतात. तेव्हा पत्र मिळेल."

"मी मावशीला सांगून टाकलंय."

"कशाला सांगितलंस अम्मा! आधी मिळू तर दे."

ते पत्र मजल्याचं काम पाहणाऱ्या फणींद्रसरांच्या सहीने निघणार होतं. गेल्या वर्षी तिच्यासारख्या चौदा जणांपैकी पाच जणांना मिळालं होतं. उरलेल्यांच्या हातात एका ओळीचा कागद पडला होता, 'प्रशिक्षणार्थी म्हणून होते'. कामाचा उल्लेख नाही, कारण काम दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी फणींद्रसरांनी फळ्यावर लिहिलं: 'सोमवारपासून कॉल साडेपाचऐवजी साडेसहाला. घरी सोडायची गाडी रात्री नऊला.' दरवर्षी हे असंच होई. तिकडे घड्याळं एक तास मागे जात, इकडे कॉल एक तास पुढे. ऑफिसात त्याचा अर्थ एवढाच, की संध्याकाळचा चहा निवांत मिळणार आणि मेसमध्ये पोचेपर्यंत डाळीचं पप्पू थंड झालेलं असणार.

"एक तास कुठून येतो रे त्यांच्याकडे?" हिमबिंदूने सहज विचारलं.

"रविवार पंचवीस तासांचा करतात," इम्तियाज म्हणाला. "मजा आहे. आपल्याकडे असता तर मी झोपलो असतो."

हिमबिंदू हसली, पुन्हा स्क्रीनकडे वळली, आणि तिचे हात थांबले.

पुढचा दिवस काढण्यासाठी तिने चोवीस तास मिळवले होते. आजची मध्यरात्र, अधिक चोवीस तास, म्हणजे उद्या. दिवस चोवीस तासांचा असतो हे तपासून पाहावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. हैदराबादमध्ये वाटायचं कारणही नव्हतं. पण पंचवीस तासांच्या रविवारी मध्यरात्रीपासून चोवीस तास पुढे गेलं तर रात्रीचे अकरा वाजतात, आणि वार रविवारच राहतो.

तिने कागदावर मांडून पाहिलं. सोमवारचे रोगी रविवारच्या यादीत जात होते, जी यादी सुटीमुळे कोणी उघडणार नव्हतं. मंगळवारचे रोगी सोमवारच्या यादीत. तिने दुसऱ्यांदा मांडलं. उत्तर तेच आलं.

फणींद्रसर त्यांच्या काचेच्या खोलीत पुलिहोऱ्याचा, म्हणजे चिंचभाताचा, डबा उघडून बसले होते. हातातला घास तसाच धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती ओळी बदलायच्या?"

"दोन, सर. पण बदल तिकडे चढवायला मार्लीनमॅडमची परवानगी लागेल."

"आणि परवानगी मागायची म्हणजे कारण सांगायचं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "बघ अम्मा," ते म्हणाले. रागावले तरी मुलींना ते अम्माच म्हणत. "सहा वर्षं अनुभवाच्या बाईला घड्याळ बदलतं हे ठाऊक नाही? पहिला प्रश्न हा येईल. दुसरा प्रश्न, कॅमेरा लाव. बुधवारी करार पुढे वाढायचाय. या मजल्यावर सतरा माणसं आहेत."

"निदान यादी एकदा हाताने तपासा, एवढं तरी सांगू या, सर."

"ते ड्रायव्हर दहा-दहा वर्षं तिथे गाडी चालवतायत. सोमवारी कोणाला न्यायचं ते त्यांना पाठ असेल. आपण सोमवारी दुसऱ्या कुठल्या तरी बदलात घालून गुपचूप दुरुस्त करू." मग जरा थांबून म्हणाले, "तुझं पत्र टेबलावर आलंय. आठ तारीख ना?"

साडेपाचचा कॉल वीस मिनिटं चालला. शेवटी मार्लीनबाईंनी विचारलं, "किरणमयी, आणखी काही?"

फणींद्रसर समोरच बसले होते. ते तिच्याकडे पाहत नव्हते, मोबाइलवर काहीतरी वाचत होते.

"नाही मॅडम. आणखी काही नाही."

"बाळ?"

"चालायला लागला, मॅडम. आजच. चार पावलं."

तिकडे मार्लीनबाई आनंदाने ओरडल्या. इम्तियाजने मान वळवून पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

शनिवार-रविवार तिने हॉस्टेलच्या खोलीत काढले. ड्रायव्हरना पाठ असेल, असं ती स्वतःला समजावत होती. रोज तेच रस्ते, तीच दारं, असणारच पाठ. रविवारी दुपारी तिने वाचून काढलं, की डायलिसिसच्या रोग्याला शुक्रवार ते सोमवार हा खंडच सर्वांत जड जातो. रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. ती हे वाचत असताना तिकडे रविवारची पहाट होती. फोन करायला वेळ होता. मार्लीनबाईंचा नंबर किरणमयीच्या नावाने आलेल्या प्रत्येक ईमेलखाली होता. तिने तो दोनदा लावायला घेतला आणि दोन्ही वेळा घंटा वाजायच्या आत बंद केला.

सोमवारी साडेसहाला कॉलवर कोणी आलं नाही.

मंगळवारी मार्लीनबाई आल्या. त्यांनी बाळाचं विचारलं नाही. त्या समोरचा कागद वाचत असाव्यात, आवाज तसा सपाट होता. दोन केंद्रांच्या गाड्या नव्या ड्रायव्हरांकडे होत्या आणि त्यांना काहीही पाठ नव्हतं. सोमवारी सकाळी ते मंगळवारच्या रोग्यांची दारं वाजवत राहिले. त्रेचाळीस रोगी घरी वाट पाहत बसले. दुपारपर्यंत फोन करकरून बहुतेकांना आणलं. सहा जण इस्पितळात आहेत. एकाने फोन उचलला नाही. एकटाच राहायचा. शेजाऱ्याने आज पहाटे दार उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

"क्रमांक बावीसशे सतरा," त्या म्हणाल्या.

हिमबिंदूला तो क्रमांक माहीत होता. ज्या पाच क्रमांकांवर तिने यादी तपासून पाहिली होती, त्यांतला तो एक. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी पावणेसात. दुसरा मजला, लिफ्ट नाही, ड्रायव्हरने वर जावं.

बुधवारी चौकशीचा कॉल झाला. तिकडून चार जण, इकडून फणींद्रसर आणि ती. चूक कुठे झाली ते तिने सांगितलं. मांडणी नीट होती. मग मार्लीनबाई म्हणाल्या, "किरणमयी, एकच विचारते. सोमवारच्या आधी तुला हे ठाऊक होतं का?"

फणींद्रसरांनी माइक बंद केला. "नाही म्हण," ते हळू आवाजात म्हणाले. "मीही नाहीच म्हणणार आहे. तू हो म्हणालीस तर खोटी तूच ठरशील. आणि तू कोण? तू तर किरणमयीसुद्धा नाहीस." त्यांनी माइक चालू केला.

खोलीत एसीचा आवाज होता. तिकडचे लोक थांबले होते.

"नाही मॅडम," हिमबिंदू म्हणाली. "ठाऊक नव्हतं."

"ठीक आहे," मार्लीनबाई म्हणाल्या. त्यांनी लगेच विश्वास ठेवला, आणि तेच तिला सोसवेना.

फणींद्रसर खाकरून म्हणाले, "जबाबदारी आम्ही घेतो. किरणमयीला आम्ही आजपासून कामावरून कमी करत आहोत." हे आधी ठरलेलं होतं. करार तेवढ्यावर वाचणार होता.

मग मार्लीनबाई म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय. तुझ्या बाळाला जप."

आठ तारखेला पत्र मिळालं. पूर्ण नाव अचूक लिहिलेलं होतं, वडिलांच्या नावासकट. फणींद्रसरांनी हातात हात घेऊन अभिनंदन केलं. "सोमवारपासून औषधांच्या गोदामाचं काम. शिकागो. नाव सुजाता, पाच वर्षं. लग्न झालेलं नाही, म्हणजे या वेळी पोराबाळांची भानगड नाही."

जागेवर येऊन तिने किरणमयीच्या नावाने यादीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरून पाहिलं. बावीसशे सतराच्या पावणेसातच्या जागेवर आता कोण आहे, तेवढंच तिला पाहायचं होतं. खातं बंद झालं होतं.

आईचा फोन आला. मागे बायकांचे आवाज होते. मावशी, शेजारीण, बहुधा सगळी गल्ली. "काय काम केलंस गं एवढं, की पक्कं केलं त्यांनी?"

"सांगितलं तसं केलं, अम्मा."

आई ते वाक्य तसंच्या तसं मागच्या बायकांना सांगू लागली. हिमबिंदूने फोन ठेवला.

इम्तियाज दोन कप चहा आणि कागदात उस्मानिया बिस्किटं घेऊन आला. कप तिच्यासमोर ठेवत सवयीने म्हणाला, "काय मग, बाळ कसं आहे?" आणि जीभ चावून तिथेच उभा राहिला.

हिमबिंदूने कप दोन्ही हातांनी धरला.

"चालायला लागला होता," ती म्हणाली.