डावीकडची मोकळी जागा

"भाऊ, तुम्ही जिवंत आहात ना?"

हा प्रश्न मी माईकवर विचारला. धुळ्यात, देवपूरमध्ये, कानबाई देवीच्या उत्सवातल्या गाण्याच्या कार्यक्रमात, भर दुपारी, दीडशे माणसांसमोर. माझ्या मैत्रिणींनी, मयुरी आणि भाविकाने, पैज लावली होती. "चेलना, वर्गात नुसती बडबडतेस, तिथे विचारून दाखव!" गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'यस मॅडम'सुद्धा पुटपुटायची. यंदा दहावीत काय झालं कोण जाणे, तोंड उघडलं ते मिटेचना. घेतला माईक आणि टाकलं विचारून.

सगळा मांडव हसला. स्टेजवर पेटीमागे बसलेले निंबाभाऊही हसले. म्हणाले, "जित्ता शे, बहीन. पन लोकेस्ले पटत नही."

आणखी हशा. मयुरीने तर शिट्टीच मारली. मी मात्र माईक देऊन पटकन खाली बसले. कारण भाऊंना मारलं होतं ते मीच.

नीट सांगते. निंबाभाऊ अहिराणी गाणी म्हणतात, हळदीत, वरातीत, कानबाईत. मूळ चोपड्याकडचे, आता देवपूरला राहतात. आमच्या घरात मारवाडी बोलतात, मला अहिराणी निम्मीच कळते. पण दोन वर्षांपूर्वी पप्पांच्या भांड्यांच्या दुकानावरून एक वरात गेली. तिच्यात भाऊ गात होते आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यासुद्धा ओट्यावरून उठून नाचल्या. त्या दिवसापासून मी फॅन. वेडी फॅन.

दुकानात बिलं करायचा कॉम्प्युटर आहे. त्यात मी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि भाऊंचे वॉलपेपर करायला लागले. एकात भाऊ सातपुड्याच्या शेंड्यावर उभे, एकात केळीच्या बागेवर ढगातून गाताहेत. दर रविवारी एक वॉलपेपर 'निंबाभाऊ फॅन्स' ग्रुपवर टाकायचा. पाच-सहा अंगठे यायचे. त्यातले दोन मयुरी-भाविकाचे.

मग मे महिन्याच्या सुट्टीत मी आजवरचा सगळ्यात भारी वॉलपेपर केला. फोटो मोबाईलवर काढलेला होता, स्टेजच्या हिरव्या लाईटमुळे भाऊ कच्च्या कैरीसारखे दिसत होते. म्हणून तो काळा-पांढरा केला. केसांची कड अन् कड कापून काढली, तीन दिवस लागले. मागून सूर्याचे किरण सोडले, खाली झेंडूची फुलं. आणि डावी बाजू मोकळी ठेवली, कारण डेस्कटॉपवर आयकॉन डावीकडे येतात. भाऊंच्या नाकावर कचऱ्याचा डबा बरा दिसला असता का?

पण ग्रुपमध्ये कॉम्प्युटर कुणाकडे होता? सगळे मोबाईलवाले. त्यांना काय दिसलं? काळा-पांढरा माणूस, मागे प्रकाश, खाली फुलं, बाजूला मजकुरासाठी जागा. धुळ्यात कुठल्याही चौकात मान वर करा, असाच बॅनर लटकत असतो.

कुणीतरी त्या मोकळ्या जागेत 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. कोपऱ्यात माझं बारीक नाव होतं, त्याच्यावर 'शोकाकुल : मित्र परिवार' बसलं. दोन दिवसांत चित्र मुक्ताईनगरपर्यंत पोचलं.

आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. पहिल्या संध्याकाळी मी खूश होते. ज्याच्या त्याच्या स्टेटसला माझं चित्र! नाव गेलं, मजकूर भलताच आला, तरी मी मयुरीला फोन करून ओरडले, "अगं, व्हायरल झालं!" खुलासा टाकायला मला तीन दिवस लागले. शेवटी घाबरून खुलासा म्हणून एक रंगीत चित्र केलं. भाऊ हसताहेत, मागे फुगे, 'निंबाभाऊ ठणठणीत आहेत'. त्याच्याखालीही लोकांनी हात जोडले. एकाने लिहिलं, 'असा हसरा माणूस पुन्हा होणे नाही.'

तर कानबाईचा कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागे गेले. सांगून टाकायचं, असं पक्कं ठरवून. मयुरी माझ्या मागे. भाऊ पेटी जुन्या धोतरात गुंडाळत होते. त्यांची बायको, बेबाअक्का, थर्मासमधून चहा ओतत होत्या.

"तूच ना ती, जिवंत आहात का विचारणारी?" अक्का म्हणाल्या. "ये, हात लावून बघ. गरम आहे का माणूस?"

मी हसले. अक्का हसल्या नाहीत.

"ह्यांची आई चोपड्याजवळ गावी असते. तिला शेजारणीने मोबाईलमध्ये दाखवलं. आम्ही पोचलो तर ओटा भरलेला, लोक सांत्वनाला दारावर बसायला आलेले. हे गाडीतून उतरले, तर बाया आणखीच जोरात रडायला लागल्या. आई अजून रोज फोन करते. म्हणते, निंबा, आधी गाणं म्हण. दुसरंच कोणी बोलत असलं तर?"

"पण आता तर सगळ्यांना कळलं ना?" मी विचारलं.

"बठ्ठास्ले माहीत शे," भाऊ म्हणाले. मग माझ्यासाठी शाळेतल्या मराठीत आले. "पण पोरी, हळदीचं काम शुभाचं. ज्याला श्रद्धांजली वाहिली, त्याला नवरीच्या मांडवात कोण गाऊ देईल? माझ्या पोरीचं लग्न असतं तर मीही दिलं नसतं. दिवाळीनंतरच्या लग्नांत गायच्या तीन सुपाऱ्या होत्या, तिन्ही परत गेल्या. ही कानबाईची मंडळी जुनी, म्हणून आज बोलावलं. उद्या सकाळी सव्वासातच्या बसने सुरत. भाचा आहे तिथे, साड्यांच्या पॅकिंगला लावतो म्हणाला."

"आणि गाणं?"

"पॅकिंग करताना तोंड मोकळंच असतं."

मग त्यांनी फोन काढून ते चित्र माझ्यासमोर धरलं. "चित्र मात्र झकास आहे हां. ज्यानं केलं त्याचा हात चांगला. मी जन्मात इतका रुबाबदार दिसलो नाही. हे केस बघ, एकेक मोजून घे."

हे ऐकायची मी दोन वर्षं वाट पाहत होते. अगदी हेच. मयुरीने मला कोपराने ढोसलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "छान आहे." चहा तसाच ठेवला आणि पळाले.

पांझरा नदीचा पूल येईपर्यंत मयुरी माझ्या पुढे झपाझप चालत होती. मग म्हणाली, "पैज तू जिंकलीस, पाणीपुरी हवीय का?" मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पप्पा तांब्याचे हंडे पुसत होते, मम्मी काउंटरवर. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ती खुशीची संध्याकाळसुद्धा.

पप्पांनी फडकं खाली ठेवलं. "तुझं नाव आहे का त्या चित्रात?"

"नाही."

"मग झालं तर."

"बेटा," मम्मी म्हणाली, "राग कुणावर काढायचा हे त्यांना माहीत नाही, तेच बरं नाही का?"

"आपल्याकडे भांडी कशाची जातात?" पप्पा म्हणाले. "लग्नाचीच ना? जिवंत माणसाचा श्रद्धांजलीचा फोटो करणाऱ्या पोरीच्या बापाकडून रुखवताचा सेट कोण नेईल? आणि तू सांगितलंस म्हणून त्यांच्या सुपाऱ्या परत येणार आहेत?"

"नाही."

"त्यांच्या आईची भीती जाणार आहे?"

"नाही."

"मग ह्यात कुणाचं भलं?"

मी येताना सगळ्या रस्त्यात तेच शोधत आले होते. एकसुद्धा नाव सापडलं नव्हतं.

"कुणाचंच नाही, पप्पा," मी म्हणाले. "पण सुरतची गाडी सकाळी सव्वासातला आहे. मी उद्या शाळेत जाणार नाही. स्टँडवर जाणार आहे, आणि निंबाभाऊंना सांगणार आहे की ते चित्र मी केलं."