फाशीच्या माणसाचा ताप

"वहिनी, दादाला दुखणाईत माणूस दिसलं की तो घर विसरतो. लक्ष ठेव हं," असं नणंदेने लग्नातच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. नवरा तुरुंगाच्या दवाखान्यात कंपाउंडर. तिथे कोण माझी सवत होणार?

झाली. फाशीच्या कोठडीतला एक माणूस झाला.

त्याचं वजन किती, झोप किती, बुद्धिबळात तो उंट कसा दडवून ठेवतो, हे सगळं जेवताना ऐकायचं. मुलीला दुसरा दात आला, तो मात्र मी दाखवेपर्यंत दिसला नाही. बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या!

एका सकाळी मुलीचं अंग तापलं. थर्मामीटर सापडेना.

"तो तिकडे आहे," नवरा म्हणाला. "तिथला फुटला."

"त्याला काय झालंय?"

"काही नाही." मग हळूच, "आजारी माणसाला फाशी देत नाहीत. कोमट चहात बुडवला की एकशे दोन दाखवतो."

"अहो, दोन जीव घेतलेत त्याने!"

"घेतलेत. विसरलो नाही मी. पण धडधाकट करून टांगायला द्यायचं, हे माझ्या हातून होत नाही."

कडेवर तापलेली पोर. मला एवढंच ऐकू आलं, की आमचा थर्मामीटर त्याच्यापाशी आहे.

दुपारी डॉक्टरांकडच्या रांगेत तुरुंगाधिकाऱ्यांची बायको शेजारी बसली. "तुमचे मिस्टर किती करतात हो त्या आजाऱ्याचं!"

माझ्या अंगाची आग झाली. "कसला आजारी? ठणठणीत आहे. रोज दोन डाव खेळतो यांच्याशी."

मी जीभ चावली. पण बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचा डॉक्टर आत गेला. ताप नव्हता. नवरा निलंबित झाला, आणि फाशीला मंगळवार ठरला.

मीच बोलले, हे मी सांगून टाकलं. "हं," एवढंच म्हणाला. आता दिवसभर घरी असतो, मला हवा होता तसा. मुलीचा ताप उतरला तरी तिचं कपाळ चाचपत बसतो, आणि चार वाजले की घड्याळाकडे बघतो. त्यांच्या डावाची वेळ. अजूनही माझ्या पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू?

त्याला आता आत सोडत नाहीत. तुमच्यापैकी कुणाला मंगळवारच्या आत तिथे जाता आलं, तर त्या माणसाच्या कपाळाला एकदा हात लावून बघा. नीट बघा. कधी कधी खराही ताप येतो माणसाला.