मान नसलेलं यान

कॅमेरावालीचा जीव त्या सकाळी नुसता टांगणीला लागला होता. सूर्यमालेच्या पार टोकाला जाणारं, आत एकही माणूस नसलेलं यान, आणि कागदावरच ते झालं होतं जड! काहीतरी कमी करायलाच हवं होतं. वजनाचा हिशोब ठेवणाऱ्याला कचेरीत सगळे ‘तराजू’ म्हणत. त्याने बेधडक तिने यानासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यावर फुली मारली. दुपारच्या बैठकीत फैसला. अहो, एवढ्या लांब जायचं ते काय डोळे मिटून?

आणि कॅमेरा बिचारा हलकाच होता. जड होती ती त्याला इकडेतिकडे फिरवणारी मान: मोटर, सांधे, तारा. किती कातरली तरी ती हलकी होईना.

याच विचारात ती स्वयंपाकघरात दुधापाशी उभी होती. आई खिडकीतून रस्ता बघत होती. आईची मान अवघडलेली, गळ्याला पट्टा. तोंडाचा पट्टा मात्र सुरूच. करपल्याचा वास आला तशी आई वळली, मान ताठ ठेवून, पायापासून डोक्यापर्यंत अख्खीच्या अख्खी.

“अगं, लक्ष कुठंय? दूध गेलं की उतू!”

कॅमेरावाली टुणकन उडाली. “आई, पुन्हा वळ!”

“डोकं फिरलंय का तुझं?” म्हणत आईने आधी गॅस बंद केला, मग वळून दाखवलं.

झालं! मान हवीच कशाला? कॅमेरा यानाच्या अंगालाच घट्ट बसवायचा आणि जिकडे बघायचं तिकडे अख्खं यान वळवायचं! आईचा गालगुच्चा घेऊन ती जी सुटली, ती थेट कचेरीत.

“वळायला इंधन लागेल,” तराजू बैठकीत म्हणाला. “त्याला वजन नसतं वाटतं?”

“असतं. मानेपेक्षा कितीतरी कमी. करा की हिशोब!”

त्याने केला. मग पुन्हा केला. “च्यायला,” तो म्हणाला, “बसतंय!” टेबलं बडवली गेली. कॅमेरावालीला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं.

“थांबा,” प्रमुख बाई म्हणाल्या. “अँटेनाही अंगालाच घट्ट आहे. यान त्या टोकाच्या ग्रहाकडे वळलं की अँटेनाची पाठ पृथ्वीकडे, आपल्याशी बोलणं बंद. सगळ्यात जवळून जाताना, ऐन मोक्याला, ते गप्प. आहे की गेलं, तेही कळणार नाही. तुझी सगळी उमेद त्यात, आणि तू हातावर हात धरून बसणार. जमेल?”

हे तिला सुचलंच नव्हतं. ती बाहेर गेली आणि तिने आईला फोन लावला.

सगळं ऐकून आई हसली. “तू काय वेगळी होतीस? बाहेर काही नवं दिसलं की हाका मारून माझा घसा सुकायचा, पण तू ओ देशील तर शपथ! जीव अर्धा व्हायचा माझा. आणि घरी आलीस की अशी बोलत सुटायचीस, की घास हातातच राहायचा.”

“तोवर तू काय करायचीस गं?”

“काय करणार? ताट वाढून बसायचे.”

कॅमेरावालीने डोळे पुसले आणि ती आत आली. सगळे तिच्याकडे बघत होते.

“जमेल,” ती म्हणाली. “त्याला पोटभर बघू दे. मग ते वळेल आणि सगळं सांगेल. तोवर आपण ताट वाढून बसायचं.”

तराजूने उठून फुली पुसली.