शनीची फेरी

काकीच्या केसांत भाताच्या पेंढ्याची एखादी सोनेरी काडी नेहमी अडकलेली असे, आणि कडाव गावातल्या आमच्या खळ्यावरची कलती उन्हं आधी तिथंच येऊन टेकत. माझी ही धाकटी काकी. आवाज किंचित घोगरा, हात सदा कामात, आणि एका जागी बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

युद्धाच्या धामधुमीचा तो काळ. दीर्घ ज्वरातून मी वाचले, पण डावा पाय शक्ती हरवून बसला. पाय चालता ठेवा, असं वैद्यांनी बजावलं होतं. मला चालवायचा आईला मात्र धीर होईना, ती मला सदैव कडेवर घेई. मी पुन्हा चालेन की अशीच कडेवर वाढेन, हा प्रश्न घरात कुणी उच्चारत नसे, इतकी त्याची धास्ती होती.

मळणी उरकून बैल सुटले, की काकी आम्हा मुलांसाठी खळ्यावर आकाश मांडी. मधला तिवडा, म्हणजे बैल बांधायचा खांब, हा सूर्य. आम्ही त्याभोवतीचे ग्रह. बुध धावे, मंगळ बेडूकउड्या मारी, चंद्र पृथ्वीभोवती लंगडी घाली आणि दमलेले तारे पेंढ्यात कोसळत. कुणाचा तोल सुधारला, कुणाच्या पोटऱ्या भरल्या, हे त्या मुलांच्या गावीही नसे.

मला तिनं शनी केलं आणि सर्वांत बाहेरची फेरी दिली. आई संतापली.

"आजारातनं उठलेल्या पोरीला शनी करतीस? साडेसाती कशाला गं आनायची घरात?"

"आवो वयनी, त्यो हळू चालतो, पन थांबत नाय," काकी म्हणाली. "आन् हळू चालला म्हनून त्याला कोन हसत नाय."

आई मला उचलायला वाकली. मी तिचा हात दूर सारला. "माजी फेरी ऱ्हायलीय गं आये."

सारवलेलं गार खळं तळव्यांना जाणवलं. पाय थरथरला, मी पडले, उठले, पुन्हा पडले. काकीनं हात दिला नाही, तेव्हा मला तिचा भयंकर राग आला. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. फेरी पुरी होईतो दिवस मावळला.

पुढच्या सुगीआधीच काकी तापानं गेली. त्या दिवशी मला कडेवर घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. अंगण ओलांडून मी स्वतःच चालत तिच्या पायांपाशी गेले. काळ माणूस नेताना मागं काय ठेवतो, मला ठाऊक नाही. पण उतारवयात उंबरठा ओलांडताना डावं पाऊल क्षणभर रेंगाळतं, आणि तेवढ्या क्षणात मला तिची फार आठवण येते.