अर्ध्या संचाची भिंत

६–७

चौथा खिळा ठोकताना पलीकडून जाकीरनं भिंतीवर थाप मारली. मैनुद्दीननं पुढचा घाव मुद्दाम जोरात घातला. भिंत चार इंची, दोन भावांत मिळून एकच. इकडं खिळा बसला की धाकट्याच्या घरात पोपडा पडतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कल्पना उज्माची, त्याच्या लेकीची. बैठकीतल्या एका भिंतीवर घरातल्याच जुन्या वस्तू मांडायच्या, असं तिनं मोबाइलमध्ये पाहिलं होतं. दादीचं पानदान, अडकित्ता, बंद पडलेला रेडिओ, सगळं तिनं पुसूनपासून ठेवलं. भिंतीला निळा रंगही तिनंच दिला. मैनुद्दीननं ते सारं कोपऱ्यात सारलं आणि बापाचे नट-बोल्ट खोलायचे पाने आणले. सहा.

"पाने कावून, अब्बा? हे घर हाय, दुकान न्हाई."

"जे माझं हाय ते लावतो. माझं असून माझ्याकडं न्हाई, तेबी लावतो."

८–९

जाकीरकडे.

१०–११

थोरल्या मिस्त्रींनी, म्हणजे बापानं, चाळीस वर्षं उमापूरच्या शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी उघडल्या न् बसवल्या. ते गेले आणि चाळिसाव्या दिवसाचा फातिहा होताच वाटणी झाली. फुफांनी, आत्याच्या नवऱ्यानं, घराच्या मधोमध दोरी धरली. मग भांडी, मग सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंतच्या, दोन तोंडांच्या बारा पान्यांचा संच. एक थोरल्याला, एक धाकट्याला, ओळीनं. त्या वेळी एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी संच एका हातात राहिला असता. पण तो दुसऱ्याच्या हातात जाईल या धास्तीनं दोघंही मिस्त्री गप्प बसले.

१२–१३

जाकीरकडे.

१४–१५

तेव्हापासून दोघांपैकी एकालाही पुरती मोटर उघडता येत नाही. मैनुद्दीन झाकण काढतो तर आतला नट अडतो, जाकीरचं झाकणापाशीच अडतं. दोघंही स्क्रू पान्यावर भागवतात. तो घसरतो, नटाचे कोपरे खातो आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. बाजारात नवा पाना मिळतो. पण नवा घेतला म्हणजे जुन्यावरचा हक्क सोडला, असं दोघांच्याही डोक्यात एकसारखं बसलेलं.

१६–१७

जाकीरकडे. सगळ्यात जास्त लागतो तो हाच.

१८–१९

खिळे झाल्यावर मैनुद्दीननं काळ्या ऑइलपेंटचा डबा उघडला. दोन पान्यांच्या मध्ये, जिथं धाकट्याचा पाना असायला हवा तिथं, त्या पान्याचा आकार काढून काळ्यानं भरला. असे सहा. येईल त्याला तो काळं दाखवायचा. चहा प्यायला आलेला माणूस भावाची चोरी ऐकून जायचा. जाकीरच्या कानावर जावं, लाज वाटून त्यानं यावं आणि आपल्या हातानं एकेक पाना तिथं अडकवावा, एवढंच मैनुद्दीनला हवं होतं. उज्मानं बैठकीत बसणं सोडलं.

२०–२२

जाकीरकडे.

२१–२३

आणि जाकीर आला. जुनं गिऱ्हाईक, गहिनीनाथ, मोसंबीच्या बागेवरची मोटर टेम्पोत घालून त्याच्या दारात उभा होता. झाकणाचे बोल्ट एकोणीसचे. दोन वर्षांत पहिल्यांदा धाकटा थोरल्याच्या उंबऱ्यावर आला. बाहेर चपला काढून, हे मैनुद्दीननं पाहिलं.

"एकोणीसचा दे. तासाभरात आनून देतो."

"तुझा चोवीसचा तिथं लाव. मग ने."

२४–२७

जाकीर भिंतीकडं बघत राहिला. नजर एका काळ्यावरून दुसऱ्यावर जात होती.

"माझी जागा काळी कावून केली, भाई? मी मेलो का?"

मैनुद्दीन म्हणाला की माल अब्बांचा आहे, त्याची जागा दाखवली, बाकी काही नाही. जाकीरनं पायजम्याच्या खिशातून चोवीसचा काढला, पुढं झाला आणि तो त्याच्या आकारावर धरला. पान्याच्या चारी बाजूंनी चार-चार बोटं काळं उरलं.

"एवढा मोठा न्हवता हा. तू लहानपनी बघितलेला काढलास."

पान्याच्या सत्तावीसच्या तोंडाचा टवका उडालेला होता. अब्बांच्या हातून तो विहिरीच्या कठड्यावर पडला तेव्हा मैनुद्दीन शेजारीच उभा होता. तो टवका त्याला आत्ताही नीट दिसला. तरी तो म्हणाला,

"मग हा अब्बांचा न्हाई. बदललास तू."

जाकीरचा आवाज चढला नाही. त्यानं पाना परत खिशात घातला.

"ठेव तुझा एकोणीस. वर जाताना छातीवर बांधून ने."

२५–२८

बाहेर गहिनीनाथ ड्रायव्हरला टेम्पो वळवायला सांगत होता. गेवराईला जायचं ठरलं होतं. "दोघं भाऊ मिळून एक मिस्त्री व्हत न्हाई बे तुमी," तो दोन्ही दारांना ऐकू जाईल असं बोलला. मोटर तिकडं उतरवायला माणूस लागणार, म्हणून जाकीर त्याच्याबरोबर मागं चढला.

आतून उज्मा आली. तिनं एकवीस-तेवीसचा खिळ्यावरून काढून शेजारच्या काळ्यावर धरला.

"चोवीसचा याच्याहून बोटभर मोठा असंल. हो ना, अब्बा?"

आयुष्यभर तो डोळे मिटून, नुसत्या हातानं पान्याचा नंबर सांगत आला होता.

३०–३२

ऊन उतरायच्या आत मैनुद्दीननं एकोणीसचा पाना काढला, सदऱ्याला पुसला आणि शेजारच्या दारात गेला. जाकीरची बायको, अकबरी, डोक्यावर पदर घेत दारात आली. तिनं पान्याकडं पाहिलं, हात पुढं केला नाही.

"ते गेवराईला गेले."

"आले की दे त्याला."

"मी न्हाई घेनार, भाईजान. उद्या तुमी म्हनाल, हाबी बदलला. ते आल्यावर तुमच्या हातानं द्या."

ती बसा म्हणाली नाही. दार अर्धं लोटून आत गेली.

मैनुद्दीन पायरीवर बसला, भावाच्या. रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं, मिस्त्री, आज इकडं कुठं? त्यानं पाना या हातातून त्या हातात घेतला. पायरी अरुंद होती. येणाऱ्याला दारात शिरायला वाट राहावी म्हणून तो भिंतीला अंग चोरून बसला.