रजईची उलटी बाजू

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी, थंडी तोंडावर आलेली असताना, कारखान्यात रजया तपासणाऱ्या मास्तरांनी टेबलावर एक रजई उलटी केली. वरून टीप रेघ मारल्यासारखी सरळ होती. खाली मात्र दोऱ्याचे सैल वेढे लोंबत होते. मशीनचा कापड दाबून धरणारा पाय न उचलता दोरा ओवला की असं होतं. दोरा त्याला ताण देणाऱ्या चकत्यांत बसतच नाही. नव्या पोरी सुरुवातीला ही चूक करतात. ही रजई काकूच्या मशीनवरची होती.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. रजयांच्या त्या कारखान्यातल्या निम्म्या बाया तिच्याच हाताखाली शिकलेल्या.

बिघडलेली रजई शिवणारीला परत दाखवायची, असा तिथला रिवाज. मास्तरांनी दाखवली नाही. सैल वेढा त्यांनी ओढला नाही. ओढला की सगळी ओळ गोळा होते. तो मधोमध कापला, दोन्ही बाजूंचे थोडे टाके उसवून टोकं लांब करून घेतली, गाठी मारून त्या सुईने कापसात दडवल्या आणि मोकळी जागा जुन्याच भोकांतून हाताने भरून काढली.

"अहो, जेवायला येताय ना?" काकूने दारातून हाक मारली.

"तू हो पुढे."

"या वयात रजईवर जीव जडला वाटतं! करा मग तिच्याशीच संसार."

बाया खदखदून हसल्या. मास्तरही हसले.

संध्याकाळी घरी काकू भांडी घासत होती, मास्तर पुसत होते. सहज विचारल्यासारखं ते म्हणाले, "दोरा ओवताना पाय वर घेतेस ना गं?"

"मला शिकवताय? लग्न झालं तेव्हा तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं."

"ते खरं."

"मग गप बसा." असं म्हणत तिने पुसून ठेवलेलं पातेलं उचललं आणि पुन्हा घासायला घेतलं. मास्तरांनी ते पुन्हा पुसलं.

घरी ती गॅस पेटता ठेवून विसरायची. नव्या जावयालाच एकदा तिने "कोण पाहिजे?" म्हणून दारात उभं केलं होतं. मशीनवर बसली की मात्र ती पहिल्यासारखी व्हायची. बायांना दटावायची, त्यांच्या नवऱ्यांच्या नकला करायची. ती जागा गेली तर हिचं काय उरणार, हाच मास्तरांना घोर लागला होता. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते टाके भरत राहिले. पण सैल ओळी वाढत गेल्या आणि एकट्याचा हात पुरेना.

"मास्तर, हा ढीग कसला?" मालकीणबाईंनी एक दिवस विचारलं.

"डोळे साथ देत नाहीत, बाई."

"मग बोलायचं नाही का? उद्यापासून काकूंना बसवते तुमच्या मदतीला. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

मास्तर घाईने म्हणाले, "नको बाई. ती मशीनवरच बरी."

"घरचा धाक इथे नको वाटतं?" बाई हसत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू पदर खोचून टेबलाशी आली. ढिगातली वरचीच रजई तिने उलटी केली.

"कुणाच्या हातचं हे?" तिचा आवाज मशीनांच्या वर चढला. "डोळे बांधून शिवलंय का? कोण आहे ती भवानी? ये बघू पुढे!"

एकेक मशीन थांबलं. बाया माना खाली घालून बसल्या. त्यांनाही केव्हाचं ठाऊक आहे, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

"राहू दे, मी बघतो," ते म्हणाले.

"तुम्ही सरका."

काकूने लोंबता वेढा बोटावर घेतला आणि ओढला. ओळ आकसली. तिने आणखी ओढला. कापड चुण्याचुण्यांनी गोळा होत तिच्या हाताशी आलं, तरी ती ओढत राहिली. एवढ्यात मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी काकूचं मनगट धरलं.

तिने आकसलेल्या रजईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी कामाला आलेल्या पोरीसारखं तिने हळूच विचारलं, "अहो, असंच करायचं असतं ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "असंच."

 दुपारी मालकीणबाईंनी स्वतःच्या हाताने काकूच्या मशीनवर कापड घालून ते कायमचं झाकलं. तिला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून मास्तरांनीही काम सोडलं.

काही दिवस ती सकाळी चपला घालून दाराशी उभी राहायची. "उशीर झाला हो," म्हणायची. मास्तर म्हणायचे, "आज सुट्टी आहे." पुढे तेही थांबलं. मग ती मास्तरांना "दादा" म्हणू लागली. तिला भाऊ नव्हता. मास्तर त्या हाकेला ओ द्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, काकू गेली. त्याच साली, थंडी सुरू व्हायच्या आधी, मास्तर गेले.