स्टेजवरचा मुका स्पीकर

मित्रांनो, मी रॉक बँडच्या स्टेजवरचा एक जुना स्पीकर आहे. निदान लोक तरी मला तसेच समजत. खरे तर मी पुढून काळी जाळी लावलेला रिकामा खोका. बडा घर, पोकळ वासा म्हणतात ना, तो मीच!

मला घडवले गिटारवाल्याच्या वडिलांनी. ते सुतार. "माझ्या लेकाचा आवाज यातून निघायचाय," म्हणत त्यांनी जाड फळ्या निवडल्या, एकही सांधा ढिला ठेवला नाही. अशी आम्ही आठ भावंडे झालो. आतले यंत्र बसवणे बँडकडे होते. त्यांनी ते एकाच्याच पोटात बसवले, बाकीचे नुसते भपक्याला उभे केले. मोठ्या बँडमध्ये अशी पद्धतच असते, असे ड्रमवाला सांगे.

गिटारवाल्याचे नाव झाले. माझ्यावर पाय ठेवून तो वाजवू लागला की गर्दी बेभान होई. टाळ्या ऐकून मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे वाटे. फुकटचे कौतुक पचत नाही हो!

एकदा वडील कार्यक्रमाला आले. यंत्रांच्या गोंगाटात राबून त्यांचे कान गेले होते. लेकाची गिटार निदान हाताला कळावी म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला. दूरच्या खऱ्या स्पीकरची पुसटशी थरथर तेवढी माझ्यापर्यंत पोचत होती.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, "याला जोर नाही रे. माझं लाकूड ओलं राहिलं का?"

गिटारवाला लाजेने लालेलाल झाला. खरे सांगायचा धीर होईना. त्याने होकारार्थी मान हलवली. धरणी पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

वडिलांनी मला दुरुस्तीसाठी घरी नेले. पाठीचे स्क्रू काढून आत हात घातला, चारी कोपरे चाचपले. गिटारवाला धावत आला, पण उशीर झाला होता. वडिलांनी मान वळवून त्याला दारात पाहिले.

"आधी सांगायचंस ना, बाळा," वडील म्हणाले. "हलक्या फळीचा केला असता. उचलताना तुझ्या पाठीला त्रास झाला नसता."

गिटारवाला उंबऱ्यावर बसून हुंदके देऊ लागला. वडिलांना ते ऐकू गेले नाही. पाठमोरे बसून ते माझे स्क्रू घट्ट करत होते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसा, कोरड्या जागी ठेवा, एवढे मी मागतोच. पण आपले पोकळपण झाकायला घडवणाऱ्याच्या माथी दोष मारू नका. तो बिचारा खरे मानतो आणि स्वतःच्याच हातांवर संशय घेतो.